दोनशे बारा काटे

परवाच्या शनिवारी माझ्या मुलीला शाळेच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नाव बरोबर आहे, तुकडी बरोबर आहे. 'वेशभूषा' या शब्दापुढे मात्र निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात 'कोरोना' असं लिहिलंय.

ती फणस होती.

मे महिन्यात गुहागरला आत्याकडे तिने बुंध्यालाच लगडलेले फणस पाहिले आणि म्हणाली, "हा बघ, झाडाच्या कडेवर बसलाय." तेव्हाच ठरलं. बायकोचं म्हणणं होतं की भाड्याने मिळतं सगळं, आणून मोकळा हो. पण घरात आईचं पायमशीन आहे आणि मला टीप मारता येते. येते म्हणजे उशांचे अभ्रे येतात. फणस म्हणजे काय, फुगीर अभ्राच, असा माझा समज झाला.

काट्यांनी तो समज दूर केला. फेल्टचे शंकू, मोजून दोनशे बारा. दोन पट्ट्यांच्या मध्ये शंकूची टोकं आत करून ठेवायची, टीप मारायची आणि मग कापड उलटवायचं, की काटे बाहेर येतात. मी पहिल्या तीन पट्ट्यांना टोकं उलटी ठेवली. परिणामी बाहेरून गुळगुळीत आणि फक्त स्वतःलाच टोचणारा फणस तयार झाला. रात्री एक वाजता ब्लेडने उसवत बसलो. पुन्हा सुई ओवायची म्हणजे आणखी वेगळा छळ. एलायस हाऊ नावाच्या अमेरिकन माणसाने 1846 साली मशीनचं पेटंट घेतलं, त्यात सुईचं नेढं मागच्या टोकाला नसून पुढच्या टोकापाशी होतं. मोठीच करामत म्हणतात. चाळिशी लागलेल्या माणसाला हाऊसाहेबांनी ट्यूबलाइटच्या उजेडात ते नेढं एकदा दाखवायला हवं होतं.

असो. शनिवारी हॉलमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांचा नातू लोकमान्य टिळक होता. (एकूण टिळक तीन होते, सावित्रीबाई चार.) आजोबांनी फणसाला सगळीकडून निरखलं, एक काटा ओढून पाहिला आणि विचारलं,

"कुठल्या दुकानातून आणलात?"

"घरी शिवला."

"ते झालं हो. भाडं किती?"

"भाडं नाही. शिवलाय."

"हां, शिवून घेतलात. शिलाई किती लावली?"

"मीच शिवला, काका. मशीनवर."

ते थोडे मागे सरकले. माझ्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा हातांकडे.

"मिसेस नसतात?"

"असतात. आज ड्यूटी आहे तिची."

"त्यांना येत नाही शिवायला?"

"नाही."

"अरेरे."

हे अरेरे माझ्यासाठी, बायकोसाठी की फणसासाठी, हे कळेना. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा.

"बाकी... काम वगैरे चालू आहे ना तुमचं?"

"विमा कंपनीत आहे मी."

"अजून?"

"अजून."

"मग घरूनच असेल," असा निकाल देऊन त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "आमचे टिळक साडेतीनशेला पडले. पगडी, उपरणं, मिशी धरून. काठीचे वीस वेगळे लावले चोरांनी."

मी हसलो, पण खरं सांगायचं तर डोकं फिरलं होतं. त्याच मशीनवर माझ्या आईने पंचवीस वर्षं लोकांची ब्लाउजं शिवली. अस्तर लावायचं, हुक लावायचे, काजं करायची, बाह्या तीनदा सैल-घट्ट करून द्यायच्या, आणि एवढं करून बायका दहा रुपयांसाठी दारात अर्धा तास उभ्या राहायच्या. तुझं बरं चाललंय ना, असं तिला एकाही माणसाने खालच्या आवाजात विचारलं नाही. तिची पाठ शेवटी शेवटी सरळच होत नव्हती. मी एक फणस शिवला तर लगेच माझ्या नोकरीची चौकशी.

तेवढ्यात फणसाला शू लागली. मागे वेल्क्रो लावला होता, तो आम्ही आत गेल्यावर उघडला आणि नंतर बसायला तयार होईना. तीन सेफ्टी पिना मारून, सतरा काटे गमावून परत आलो तर नंबर पुकारलेला.

स्टेजवर सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी तिला पाहिलं आणि हातातल्या कागदाकडे न बघताच माइकमध्ये म्हणाल्या, "आणि आता येतोय आपल्या सगळ्यांचा जुना शत्रू! ओळखा पाहू?" आख्खा हॉल एका सुरात ओरडला, "कोरोनाऽऽ!" पोरीने न डगमगता आपलं वाक्य म्हटलं, "मी फणस. वरून काटेरी, पण आत गोड गरे." पण माइक होता ताईंच्या उंचीवर. 'आत गोड' एवढंच कुणाकुणाला ऐकू आलं असावं, कारण परीक्षकांनी संकटाकडे सकारात्मक नजरेने पाहिल्याबद्दल तिचं खास कौतुक केलं.

लॉकडाऊनमध्येच जन्मलेली माझी मुलगी खाली उतरल्यावर विचारते, "बाबा, कोरोनात आठळ्या असतात?"

मी परीक्षकांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, प्रमाणपत्रं लिहून झालीत, आणि फणसाला बक्षीस मिळालं असतं की नाही ते सांगता येत नाही. यावर काय बोलणार?

निघताना गेटपाशी आजोबांनी गाठलं. त्यांच्या टिळकांची मिशी हनुवटीला चिकटली होती आणि टिळक भोकाड पसरून रडत होते.

"अहो, विमावाले! गणपतीत आमच्या सोसायटीत स्पर्धा आहे. हा कोरोना देता का? भाडं काय घ्याल?"

"दोनशे," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे कसं गेलं, देव जाणे. "डिपॉझिट पाचशे. पण फणस म्हणूनच न्यायचा."

आजोबांनी क्षणभर विचार केला.

"फणसाला दोनशे कोण देतं? दीडशे करा."