मामांचे बारा शब्द

गेल्या गणपतीत सुट्टी काढून घरी आलो होतो, बेळगावात आईजवळ चार दिवस राहून मग निपाणीला मामांकडे गेलो आणि तिथं जेवणं झाल्यावर सोप्यात वाद सुरू झाला, विषय बिटकॉइन, म्हणजे ज्याला क्रिप्टो म्हणतात ते इंटरनेटवरचं चलन, आणि त्यातले आपले पैसे लोकांपासून झाकून ठेवायचे की नाही. मामा म्हणाले, "लपवायला आपण काय चोरी केलीया काय?" आणि मावसभाऊ म्हणाला, "मामा, क्रिप्टोत कुणाला काय कळतच नाही की, तेच तर भारी आहे." मी गेली नऊ वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. दोघंही चुकताहेत असं मला तेव्हाच वाटलं पण घरात पाहुणे होते म्हणून जास्त बोललो नाही, आता लिहितोय.

आधी मावसभावाचं. कुणाला कळत नाही हे साफ खोटं आहे. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासूनचा एक न् एक व्यवहार आजही जगात कुणालाही फुकट बघता येतो, गल्लीच्या तोंडाला फळा लावून त्यावर सगळ्यांची पासबुकं लिहावीत तसं, फक्त नावाच्या जागी अक्षरं-आकड्यांचा एक लांबलचक पत्ता, खातेनंबरासारखा. आणि तो पत्ता कुणाचा हे एकदा कळलं की मागचं पुढचं सगळं उघडं. एक्स्चेंजनं, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीनं, पॅन आणि आधार घेतलेलंच असतं, म्हणजे तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या पत्त्याला तुमचं नाव चिकटलेलंच. दोन वेगवेगळ्या पत्त्यांवरची रक्कम एकाच व्यवहारात खर्च केली की बघणारा समजतो की हे दोन्ही एकाच माणसाचे, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. व्यवहारातून उरलेली मोड परत ज्या पत्त्यावर येते तोही हुडकता येतो. हेच काम करून देणाऱ्या कंपन्या आहेत आणि पोलीस, टॅक्सवाले त्यांच्याकडून माहिती विकत घेतात.

मावसभाऊ दोन वर्षं एकच पत्ता सगळ्यांना देत होता, मित्रानं उसने परत केले तिथंच, छोटं वेबसाइटचं काम केलं त्याचे पैसे तिथंच आणि स्वतःची बचतही तिथंच. म्हणजे ज्यानं त्याला पाचशे रुपयांचं बिटकॉइन पाठवलं त्याला याच्याकडे एकूण किती आहे ते दिसत होतं! सातोशी नाकामोतो या नावानं २००८ मध्ये बिटकॉइनचा जो मूळ लेख आला त्यातच लिहिलंय की दर व्यवहाराला नवीन पत्ता वापरा, आणि आता तर बरीच वॉलेट, म्हणजे आपली कॉइन्स सांभाळणारी अ‍ॅप्स, नवा पत्ता आपोआप काढून देतात, आपण फक्त जुना कॉपी करून पाठवायची सवय सोडायची. रोजच्या देण्याघेण्याचं वॉलेट वेगळं आणि बचतीचं वेगळं ठेवायचं, दोन्हीची भेसळ करायची नाही. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

टॅक्सबद्दल बोलायला हवं कारण घरातला अर्धा वाद तिथंच अडकतो. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. हे तोट्याचं मला अन्यायाचंच वाटतं. इथं जर्मनीत साध्या माणसानं एक वर्षाहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर टॅक्स नाही. हे ऐकून घरी सगळे म्हणतात, तुमचं काय बाबा, तिकडं मोकळीक. पण तशी मोकळीक नाही. १ जानेवारी २०२६ पासूनचे ग्राहकांचे व्यवहार युरोपातल्या एक्स्चेंजना टॅक्स खात्याला कळवावे लागतात, आणि १० जुलै २०२७ पासून मोनेरोसारखी, म्हणजे देणारा-घेणारा-रक्कम तिन्ही झाकणारी कॉइन्स इथल्या एक्स्चेंजवर ठेवताच येणार नाहीत. हा दुसरा नियम मला पटत नाही. रोख नोटेवर कुणाचं नाव नसतं म्हणून आपण नोटा बंद करत नाही.

पण कायदा पटत नाही म्हणून आडवाटेनं गेलं की काय होतं ते मावसभावानंच भोगलंय. टीडीएस वाचवायला आणि "रेकॉर्डवर नको" म्हणून त्यानं यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली कॉइन्स, पीटूपी करून, म्हणजे थेट माणसाशी व्यवहार करून, अनोळखी माणसाला विकले, पैसे यूपीआयनं खात्यात आले, पंधरा दिवसांनी खातं गोठलं. ते पैसे दुसऱ्या राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक करून आलेले निघाले, तिथल्या सायबर पोलिसांची तक्रार. चार महिने बँकेत हेलपाटे, बायकोच्या बाळंतपणाला ठेवलेले पैसेसुद्धा त्याच खात्यात अडकले. आणि ज्याला कुणाला काही कळायला नको होतं त्यानं शेवटी सगळं स्टेटमेंट, सगळे चॅट स्वतः पोलिसांना नेऊन दिले. सरकारला जे सांगायचं ते रिटर्नमध्ये सरळ सांगा, मग बाकी जगाला न सांगायचा हक्क तुमचा, आणि तो ठासून वापरा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता मामांचं, चोरी केलीया काय. इथं जर्मनीत १९८३ साली जनगणनेचे प्रश्न लोकांना जास्त खोलात जाणारे वाटले, खटला झाला आणि घटना न्यायालयानं सांगितलं की आपली माहिती कुणाला द्यायची हे माणसानं स्वतः ठरवायचं. आपल्याकडे २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून निकाल दिला, आणि ज्यांच्या नावानं ती केस ओळखली जाते ते पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश होते. सीमेचा वाद बाजूला ठेवा, पण हे काही मी बॅगेत भरून आणलेलं परदेशी फॅड नाही.

आणि भीती सरकारपेक्षा चोराची जास्त. २०२० मध्ये हार्डवेअर वॉलेट, म्हणजे वॉलेटची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, विकणाऱ्या लेजर कंपनीच्या अडीच लाखांहून जास्त ग्राहकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर फुटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या एका संस्थापकाला फ्रान्समध्ये घरातून पळवलं आणि खंडणीसाठी त्याचं बोट तोडलं. त्याच वर्षी कॉइनबेस या अमेरिकन एक्स्चेंजनं सांगितलं की चोरांनी त्यांच्या ग्राहक सेवेतल्या काही लोकांना लाच देऊन ग्राहकांची माहिती काढून घेतली. चोराला तुमचा पासवर्ड फोडायची गरजच नाही, कुणाकडे किती आहे आणि तो कुठं राहतो एवढं पुरतं. आणि आपण तर नफ्याचा स्क्रीनशॉट आपणच स्टेटसला लावतो.

हे म्हणताना मला गल्ली वाईट म्हणायची नाहीये. २०१९ मध्ये बाबांना रात्री झटका आला तेव्हा शहापुरातल्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी रिक्षातून नेलं, दवाखान्यातलं डिपॉझिट कुणी भरलं ते मला आठ दिवसांनी कळलं. इथं माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव मला फक्त बेलच्या पाटीवरून माहीत आहे. पगार कुणी विचारत नाही, पण तब्येतही विचारत नाही. मला ते तसलं बेळगाव नको. गल्लीला दुखणं माहीत असू दे, आकडा नको.

पण खरं अडतं कुठं ते मला मामांच्या घरीच कळलं. मामा मराठी सातवी शिकलेले, तंबाखूचे हिशेब आयुष्यभर मोडी वळणाच्या मराठीत लिहिले. ऑफिसचा फॉर्म कन्नडमध्ये, बँकेचा मेसेज इंग्रजीत, मग काहीही आलं की झेरॉक्सवाल्याकडे नाहीतर मोबाइलच्या दुकानातल्या पोराकडे, "जरा वाच की बाबा." ओटीपीसुद्धा. आपल्या सीमाभागात आमच्या मागच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचं असंच आहे, आणि ज्याला स्वतःचं कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं त्यानं काय गुपित ठेवायचं? भाषेच्या हक्कावर आपण इतकी वर्षं भांडतोय त्यात हा मुद्दा मी कधी कुणाच्या भाषणात ऐकला नाही.

मामांनी २०२१ मध्ये थोडं बिटकॉइन घेतलेलं. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले, मामांचे तिथं नव्हते पण ते घाबरले आणि दुकानातल्या पोराकडून फोनवर स्वतःचं वॉलेट काढून घेतलं. वॉलेटची किल्ली म्हणजे बारा शब्द, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. ही यादी इंग्रजीत आहे, जपानी, कोरियन, झेक भाषेतही अधिकृत आहे, मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही, हिंदीतसुद्धा नाही. मामांना लिहिता येईना म्हणून त्या पोरानं स्वतःच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवला, वर्षभर तो तिथंच होता. पोरगं चांगलं आहे, काही घेतलं नाही, पण तो फोन हरवला असता तर?

त्याच रात्री पाहुणे गेल्यावर मी आणि मामा बसलो. नवीन वॉलेट काढलं, जुन्यातलं सगळं त्यात घेतलं, कारण ज्या शब्दांचा फोटो निघालाय ते शब्द परत आपले होत नाहीत. त्या यादीची एक चांगली गोष्ट अशी की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, दोन शब्दांची पहिली चार सारखी नसतातच. मामांना म्हटलं, अख्खं इंग्रजी नको, एकेका शब्दाची चार अक्षरं बघून चित्र काढल्यासारखी काढा. जुन्या तंबाखूच्या चोपडीचं मागचं पान काढलं, चष्मा पुसला, तास लागला. सातव्या शब्दाला मामी दारात आल्या आणि विचारायला लागल्या काय लिहितायसा एवढं. मामांनी चोपडी हातानं झाकली.