बिनमोटरचं बुजगावणं

गेल्या रविवारी सकाळी पावणेदहा ते साडेदहा मी नाशिकच्या पेठ रोडच्या बाजूच्या एका द्राक्षबागेत उभा राहून तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा काठीनं बडवत होतो. माझं वय सेहेचाळीस. अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, हाताखाली अकरा माणसं आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची सोय राहणार नाही.

दोष वाऱ्याचा. निफाडचा पारा पाच-सहावर उतरला की सगळा नाशिक जिल्हा एकमेकांना तापमानाचे आकडे पाठवत बसतो. मी मात्र वाऱ्याचा आकडा बघतो. उत्तरेकडून बोचरा वारा सुटला की मी सव्वा मीटर पंखांचं फोमचं ग्लायडर पाठीला लावून टेकडीवर जातो. याला मोटर नाही, पंखा नाही. वारा टेकडीवर आपटला की उताराला धरून वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यात विमान सोडायचं आणि हातातल्या रिमोटनं नुसतं वळवत राहायचं. खरं म्हणजे विमान सतत खालीच येत असतं. पण ते जितक्या वेगानं खाली येतं त्यापेक्षा जास्त वेगानं वारा वर जात असतो, म्हणून ते वर दिसतं. आमच्या पगारवाढीचं आणि महागाईचंही हेच गणित आहे, फक्त त्यात विमान म्हणजे आम्ही आणि वारा उलटा.

वारा जास्त असला की विमानात वजन भरावं लागतं. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण हलकं विमान जोराच्या वाऱ्यात पुढे सरकतच नाही, मागे मागे ढकललं जातं. वजन वाढवलं की त्याचा वेग वाढतो आणि ते वाऱ्याला भिडतं. मी टायरच्या दुकानातून चाकाला चिकटवायची ती दहा-दहा ग्रॅमची वजनं आणतो. "गाडी कोणती?" असं त्या पोरानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याकडून पैसे घेत नाही आणि माझ्या डोळ्यांत बघत नाही.

टेकडीवर जाऊन नुसतं उभं राहणं ही गोष्ट आपल्याकडे कुणालाच पटत नाही. दारू प्यायला आलात तर चालतं. त्या टेकडीच्या माथ्यावर मला विमान उतरवायला दहा पावलांची स्वच्छ जागा सापडत नाही, इतक्या बाटल्या फोडून ठेवल्यात. दर खेपेला मी घरून एक पोतं नेतो, अर्धा तास काचा वेचतो आणि मग विमान काढतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढ्याच काचा. पोरंपोरी रील करायला आली तर चालतं. प्लॉट दाखवायला एजंट आला आणि "हा डोंगर काय, दोन वर्षांत सपाट होईल" असं गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगू लागला, तेही चालतं. पण माझ्यासारखा माणूस विमान घेऊन उभा दिसला की चौकशी सुरू. ड्रोन आहे का? प्रीवेडिंगचं काय घेता? परवानगी आहे का? एकदा एका गृहस्थानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर्वे कुठल्या रस्त्याचा चाललाय? आमची जमीन जाते का तेवढं सांगा." मी नाही म्हटलं तर म्हणाला, "नाही सांगता येत, समजू शकतो." आणि जाताना पाण्याची बाटली देऊन गेला.

पतंगाला बरं कुणी काही विचारत नाही. आमच्या जिल्ह्यातलंच येवला घ्या. भोगी, संक्रांत, कर, तीन दिवस सगळं गाव आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, घेऊन गच्चीवर. डॉक्टर, वकील, सराफ, कुणी खाली उतरत नाही. त्यांना विचारतं का कोणी, की याचा उपयोग काय, एकरी किती फवारणी होते?

असो. तर त्या रविवारी वारा जरा जास्तच होता. दीडशे ग्रॅम वजन भरलं, वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडलं, आणि वीस मिनिटं असं उडालं की काय सांगू. शेजारी एक घार आली. पंख न हलवता ती माझ्या विमानाच्या बरोबरीनं उताराला समांतर गेली, मान वळवून तिनं एकदा बघितलंसुद्धा. समोर रामशेज किल्ल्याचा कडा उन्हात आलेला. आयुष्यात मला एवढंच हवं आहे असं वाटायला लागलं, आणि असं वाटायला लागलं की माणूस वळण चुकतो.

विमान माथ्याच्या मागे गेलं. टेकडीची वाऱ्याकडची बाजू देवाची, मागची सैतानाची. माथा ओलांडलेला वारा मागच्या अंगाला भोवऱ्यासारखा गरगरत खाली येतो आणि विमानाला तळहातानं चापट मारावी तसा मारतो. याच मागच्या बाजूला, माथ्यावरच्या जोरकस वाऱ्यातून खालच्या मंद वाऱ्यात आणि परत वर अशा घिरट्या घालून विमानाचा वेग वाढवत नेणारे लोक जगात आहेत. कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर २०२१ साली अशा बिनमोटरच्या ग्लायडरनं ताशी ८८२ किलोमीटर गाठले. माझ्यानं दोन गिरक्या घेतल्या आणि ते दिसेनासं झालं.

खाली उतरलो. बागेच्या बांधावर पोचलो तेव्हा विमान मांडवाच्या तारेला लटकलेलं, आणि त्याखाली कानटोपी घातलेले एक गृहस्थ वर बघत उभे.

"हे तुमचं का?"

"हो."

"पडलं."

"उतरवलं," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

त्यांनी तारेकडे बघितलं, तुटून पडलेल्या तीन घडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. विमान काढून उलटंपालटं केलं, पोटातल्या भोकात बोट घालून बघितलं.

"मोटर कुणी काढून नेली?"

"मोटर नसतेच याला."

"म्हणजे घेतानाच नव्हती?"

"नव्हती."

"बिल केवढ्याचं?"

"अठरा हजार. रिमोट धरून."

त्यांनी कानटोपी काढली. कुणी गेल्याचं कळल्यावर काढतात तशी. "मलाबी एकानं असाच पंप दिला होता," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

"मग उडतं कशावर?"

"वाऱ्यावर."

"वारा नसला तर?"

"नाही उडत."

"अन् जास्त झाला तर?"

मी तारेकडे बोट दाखवलं.

"मग द्राक्षात अन् यात फरक काय राहिला?" ते म्हणाले. हा त्या सकाळचा एकमेव समजूतदार क्षण होता. तो तिथंच संपला, कारण बांधावर बसलेली त्यांची आई ओरडली, "आरं, साळुंक्या कुठं गेल्या?"

आम्ही तिघंही गप्प झालो. खरंच, बागेत चिटपाखरू नव्हतं. अर्ली छाटणीची बाग, मण्यात नुकतंच पाणी उतरलेलं, म्हणजे साळुंक्या-बुलबुलांचं लग्नाचं जेवण. बागेत चकाकत्या पट्ट्या लावल्या होत्या, त्यांना पाखरं आता शिंकतसुद्धा नव्हती. पण आकाशातून रुंद पंखांची एक काळी सावली सुसाट खाली आली, आणि सगळी पांगली होती. अठरा हजारांच्या माझ्या विमानाला घारीची नक्कल जमली होती. कौतुक झालं ते साळुंक्यांकडून.

कानटोपीवाल्यांची नजर बदलली. "साहेब, परत उडवा बरं."

"इथून नाही उडत. टेकडी लागते."

"मग टेकडीवरून सोडा अन् इकडं आणा."

"इकडं आलं की पडतं हो."

"पडू द्या की. आम्ही धरतो."

मी त्यांना रोटर, म्हणजे टेकडीमागचा तो वाऱ्याचा भोवरा, समजावून सांगितला. मातीत काडीनं टेकडी काढली, वाऱ्याचे बाण काढले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "रोज सकाळी सात ते अकरा, संध्याकाळी चार ते सहा. व्यापारी माल तोडून नेईपर्यंत. तीनशे रुपये रोज. चहा आमचा."

"दादा, मी नोकरीला आहे."

"मग रविवारचे या."

इथं मी एक चूक केली. नुसतं नाही म्हणून विषय संपवायचा, तर विचारलं, "बागेत बायांना रोज काय देता?"

"चारशे."

"मग मला तीनशे?"

"त्यांना काम असतं ना साहेब."

मी घडांची भरपाई विचारली. पैशाचं राहू द्या म्हणाले. पोरगं क्रिकेटला गेलंय, ते येईपर्यंत तेवढा डबा धरा, मी ठिबकचा व्हॉल्व्ह बदलून येतो. विमान त्यांनी शेडमध्ये नेऊन ठेवलं. "इथं ऊन लागेल त्याला," असं म्हणाले, पण शेडला कडी लावली.

तर असा मी डबा वाजवायला लागलो. पाच मिनिटांत म्हातारीनं हरकत घेतली. "आसं एकसारखं नको वाजवू बाबा, पाखरं सरावत्यात. थांबायचं. गप व्हायचं. त्यांना वाटलं पायजे की गेला. मग एकदम." मी तसं केलं. "उशीर झाला," ती म्हणाली. पुन्हा केलं. "आता आधी झालं." मी अकरा माणसांना रोज हेच करतो, हे मला तेव्हा लक्षात आलं आणि ते लक्षात येणं मला अजिबात आवडलं नाही.

"गोफण येती का?" तिनं विचारलं.

नाही म्हणालो. ती नुसती रामशेजकडे बघून हसली. त्या गडाची एक गोष्ट सांगतात. औरंगजेबाच्या फौजेनं १६८२ पासून गडाला वेढा घातला, पाच वर्षांहून जास्त काळ गड काही हाती येईना. शेवटी एक मांत्रिक पुढे आला. मला शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, फौजेनं माझ्या मागून यायचं. नाग केला. मांत्रिक ऐटीत निम्मा डोंगर चढला. वरून गोफणीचा एक धोंडा आला, छातीत बसला, नाग एकीकडे, मांत्रिक एकीकडे. शाळेत ही गोष्ट ऐकताना आम्ही सगळे गोफणवाल्याच्या बाजूचे असायचो. त्या रविवारी, महागडी वस्तू घेऊन त्याच मुलखातल्या डोंगरावर चढलेला आणि सपशेल आडवा झालेला माणूस म्हणून, मला पहिल्यांदा मांत्रिकाची बाजू दिसली. त्याच्या घरच्यांनीही विचारलं असेल, की रविवारी हेच का करायचं असतं?

आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सहकुटुंब, हुरडा पार्टीला निघालेले. काच खाली झाली. मी डबा पाठीमागे लपवला. पंधरा किलोचा डबा पाठीमागे लपत नाही.

"अहो, तुम्ही इथं? शेती घेतली की काय?"

विमान पडलं, असं सांगता आलं असतं. पण ते सांगितलं की मोटर, मग बिल, मग पुन्हा ती नजर. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये मी पंखाला टेप लावत होतो तर याच गृहस्थांनी मीटिंगमध्ये "काही सभासद लहान मुलांची खेळणी घेऊन सामाईक जागा अडवतात" असा मुद्दा काढला होता. माझं नाव न घेता. मिनिट्समध्ये आहे तो.

"हो," मी म्हणालो. "थोडीशी."

"वा! किती?"

"दोन एकर."

"अडीच," म्हातारी म्हणाली. बांधावरून, माझ्याकडे न बघता, पापणीही न हलवता.

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल प्रथमच आदर दिसला. त्यांनी गाडीतून उतरून माझा फोटो काढला. डब्यासकट. मिसेसनी म्हातारीला नमस्कार केला, "तुमच्या आई का?" असं विचारलं. म्हातारीनं त्यांना तोंड भरून आशीर्वाद दिला आणि मला म्हणाली, "वाजव, बुलबुल आले."

साडेदहाला पोरगं आलं. शेडची कडी निघाली, विमान मिळालं. आतली वजनं तेवढी नव्हती. पंधरापैकी पंधरा गायब. विचारायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. "आपले बागायतदार!" खाली तेवीस अंगठे. आणि मग एकेक मागणी. घरच्या बागेची द्राक्षं, औषध न मारलेली, घरच्या भावात, प्रत्येकी चार किलो. बायकोनं फोन माझ्यासमोर धरला. "अडीच एकर?" ती म्हणाली. "आणि मला मिक्सर दुरुस्त करून वापरायला सांगतोस?"

बुधवारी शेवटी कानटोपीवाल्यांना फोन लावला. नंबर त्यांनीच दिला होता, कामगारांच्या वहीत माझा लिहून घेताना. ब्याण्णव किलोचं सांगितलं. वीस दिवसांनी माल तयार होईल म्हणाले, भाव व्यापाऱ्याचाच. मी म्हटलं, काही कमी करा, ओळखीचे आहोत.

"करू की," ते म्हणाले. "तोवरचे तीन रविवार या. अडीचशेनं धरू."

"तीनशे ठरले होते," मी म्हणालो.

"ते विमानासकट, साहेब."