बंदी ग्रामसभा घालेल, संयम कोण शिकवणार?

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली. खेड्यातला अडाणीपणा म्हणून हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी राहतो त्या ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातंच ठेवता येत नाही. दंड मुलांना किंवा आईबापांना नाही, कंपनीला; तोही ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. बान्सीच्या पुसद तालुक्याला आधी सुचलं; ऑस्ट्रेलियाच्या राजधानीची, कॅनबेराची बंदी तीन वर्षांनी लागू झाली.

दोन्हीकडे अडतं मात्र एकाच जागी. खातं नसलं तरी यूट्यूब पाहता येतं, आणि गावात आजोबांचा फोन खाटेवरच पडलेला असतो. चंद्रपूरनं २०१५ ते २०२१ दारूबंदी पाहिली, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. बंदीनं वस्तू लांब जाते, हात आवरायचं वळण लागत नाही, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. बंदी हवीच. तिच्यामुळे आईबापांना थोडा वेळ मिळतो. तो वेळ वापरायचं काम मंडळीचं, म्हणजे चर्चचं, आणि घराचं.

बायबलमध्ये पौलानं गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितले, त्यात इंद्रियदमन शेवटी येतं. आपल्या संडे स्कूलमध्ये ते पाठ करून घेतात आणि तिथंच थांबतात. त्यापेक्षा निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना, म्हणजे देवानं रानात इस्राएलांना दिलेलं अन्न, घ्या. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, रोजच्या रोज गोळा करायचा. उद्यासाठी दडवलेल्यात किडे पडत.

गोष्ट झाली की प्रत्येक पोराला कागदाच्या पुडीत सहा लिमलेटच्या गोळ्या द्या. सोमवार ते शनिवार, दिवसाला एक. बारा मुलांच्या वर्गाला बहात्तर गोळ्या लागतात. पुढच्या रविवारी मार्क नाहीत, शाबासकी नाही. ज्यानं सोमवारीच पुडी संपवली त्याला एवढंच विचारायचं : कुठं संपली, सोबत कोण होतं? उत्तर बहुतेक टीव्हीसमोर किंवा मित्रांच्या घोळक्यात असंच येतं. मग दुसऱ्या आठवड्यात पुडी खिशात ठेवायची नाही, फळीवरच्या डब्यात ठेवायची. मोह आवरण्याआधी मोहाची जागा बदलता येते, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला असं करूनच कळतं. मोबाईललाही हेच : किती वेळ ते आधी ठरवायचं, गजर मुलानंच लावायचा, आणि एका व्हिडिओमागून दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवायची. ती चालू असली तर गजर हमखास हरतो.

सगळ्यात मोठी चूक मोठ्यांची असते. पुढची पुडी देतो म्हटलं, तर दिलीच पाहिजे. अमेरिकेत २८ लहान मुलांवर झालेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरची मऊ गोड गोळी (मार्शमेलो) लगेच न खाता थांबलं, तर दुसरी मिळणार होती. आधी शब्द पाळणाऱ्या मोठ्या माणसासोबत मुलं दुसऱ्या गोळीसाठी सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडणाऱ्यासोबत जेमतेम तीन. बाजारातून आणतो म्हणून रिकाम्या हातानं येणाऱ्या बापाच्या पोरानं मिळेल ते लगेच तोंडात टाकलं, तर त्याला हावरट म्हणू नये. त्याचा हिशेब बरोबरच आहे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं थोडं. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार वगळून चाळीस. मुलं रविवारी सूट मागतात, ती द्यावी, रविवार त्या चाळिसांत धरलेलेच नाहीत. कॅथलिक नियमानुसार मांस वर्ज्य करणं वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून आणि उपवास अठरा ते एकोणसाठ वयालाच बंधनकारक आहे, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवण्यात कुठलीच धार्मिकता नाही. ज्या घरात भाजीच रोज नसते तिथं ताटातलं काही सोडायला सांगू नये. पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट सोडावं, पैसे दानपेटीत मुलानंच टाकावेत, गाजावाजा न करता. पाणी मात्र कधीच सोडायला लावू नका; मार्चअखेर विदर्भात पारा चाळिशीला टेकलेला असतो.