भुखी कांस आणि माझी डावी चप्पल

माझी डावी चप्पल परवा सकाळी बडोद्याच्या निझामपुऱ्यात, माझ्या स्वतःच्या फाटकापासून जेमतेम चाळीस पावलांवर वाहून गेली. ती कोठे गेली हे मला ठाऊक आहे, पण तिच्यामागे जाण्याची माझी छाती नाही. रात्रभर पाऊस झाला होता, गल्लीत गुडघाभर पाणी होते आणि घरातले दूध संपले होते. एवढी प्रस्तावना पुरे.

दूध घेऊन परतताना माझा डावा पाय अचानक मांडीपर्यंत जमिनीत गेला आणि उजवा बाहेर राहिला. दुधाची पिशवी तेवढी डोक्यावर धरलेली, अशा अवस्थेत मी उभा (याला उभे म्हणावे काय, हा प्रश्नच आहे) असताना समोरच्या ओट्यावरून शांत आवाज आला, "तिथं चेंबर आहे, बरं का."

ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत नाना बसले होते. हातात चहाची बशी होती.

"नाना, हे आधी सांगायचं ना!"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. सकाळपासून तुम्ही तिसरे. दुसरा पेपरवाला, तो अंगानं हलका, लगेच निघाला."

"आणि पहिला?"

नानांनी या प्रश्नावर चहाचा घोट घेतला. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "घाई करू नका. काळ्या घोड्यापाशी सतरा फूट आहे."

बडोद्याबाहेरच्या वाचकाला हे वाक्य वेडाचे वाटेल. परंतु काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात येथे लहान मूलही सांगते. आमच्या गल्लीचे पाणी भुखी कांसेत जाते (पावसाळी नाल्याला येथे कांस म्हणतात) आणि कांस जाते विश्वामित्रीत. नदीच चढलेली असेल तर कांस कोठे रिकामी होणार? ती तुंबते आणि गल्ली जागच्या जागी थांबते. कांसेचे नाव भुखी का पडले ते मला ठाऊक नाही. माझी चप्पल मात्र तिने न चावता गिळली.

"म्हणूनच झाकण उघडून काही उपयोग नाही," नाना म्हणाले, "हे मला रात्री उघडल्यावर कळलं."

"तुम्ही उघडलंत?"

"पाणी उतरावं म्हणून."

"मग परत लावायचं!"

"झाकण पाण्याखाली गेलं, सापडेना. खूण म्हणून तुळशीची रिकामी कुंडी ठेवली होती, ती वाहून गेली." एवढे सांगून नानांनी मला धीर दिला. "३१ जुलै २०१९ला चोवीस तासांत वीस इंच पडला होता. तेव्हा हा ओटाच दिसत नव्हता. २०२४च्या ऑगस्टात नदी पस्तीस फुटांच्या वर गेली होती. त्या मानानं हे पाय धुवायचं पाणी."

"नाना, पायाला काहीतरी लागतंय."

"प्लास्टिक असेल. मगर असती तर एव्हाना कळलं असतं."

ज्या गावात पुराबरोबर मगरी खरोखरच अंगणात येतात, तेथे या वाक्याने कोणाला धीर येतो, हे मला अजून उमगलेले नाही. मी कसाबसा निघालो. चप्पल निघाली नाही.

मला राग आहे तो नानांचा नव्हे. म्हणजे आहेच, पण त्यांच्या एकट्याचा नाही. आमच्या मागच्या तळ्यात त्या सकाळी दोन हात जागा मोकळी होती, हे मी भिजलेल्या अंगाने मुद्दाम जाऊन पाहिले. पूर्वी चार गल्ल्यांचे पाणी आपसूक त्यात उतरत असे. मग तळे सुंदर झाले: भोवती कठडा आला, फरशीची वाट आली, दिवे आले, आणि पाण्याला आत यायला उरला एक पाइप, ज्याच्या तोंडाशी निर्माल्य आणि थर्माकोल बसलेले असते. शहरातल्या सूरसागर तलावाला भूमिगत दारे आहेत. तो भरला की जादा पाणी विश्वामित्रीकडे काढून देता येते. तळ्याला येण्याची आणि जाण्याची अशी दोन्ही दारे लागतात, हे जुन्या लोकांना समजत होते. सयाजीराव महाराजांनी १८९०च्या सुमारास आजव्याचा तलाव बांधून बडोद्याला पाणी आणले. आम्ही आलेल्या पाण्याला वाट देऊ शकत नाही, पण तळ्याकाठी फोटो मात्र छान येतात.

शिवाय निम्म्या सोसायटीने गच्चीचे पाइप सरळ ड्रेनेजच्या लाइनीत सोडले आहेत. ती लाइन न्हाणीघराच्या पाण्यापुरती घातलेली. तिच्यात दहा गच्च्यांचा पाऊस शिरला की चेंबरे उकळू लागतात आणि जे वर येते त्याचे वर्णन सकाळच्या चहाआधी करू नये. माझ्या गच्चीचा पाइप कोठे जातो, असे कोणी विचारील. त्याने तो प्रश्न आमच्या प्लंबरला विचारावा.

संध्याकाळी पाणी उतरले. झाकण माझ्याच फाटकासमोर सापडले. मी आणि पेपरवाल्याने ते ढकलत नेऊन बसवले आणि नानांनी ओट्यावरून "डावीकडे, अजून थोडं डावीकडे" असे मार्गदर्शन केले. मी घरात शिरत असताना त्यांनी हाक मारली.

"अहो, तुमची उजवी चप्पल टाकून देणार असाल तर मला द्या. आठ नंबरच ना?"

"एकच चप्पल घेऊन काय करणार, नाना?"

"माझी डावी शिल्लक आहे," नाना म्हणाले आणि रिकामी बशी उचलून आत गेले.