वय २४, मशीनच्या मते ४१

लातुरात एका जिमवाल्यानं फुकट बॉडी चेकअप लावलं होतं, फुकट म्हटल्यावर गेलो. अनवाणी मशीनवर उभा राहिलो आन् त्या पोऱ्यानं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, "फॅट २९ टक्के, मेटाबॉलिक वय ४१!" मी २४ चा आहे हो. शेजारच्या हातात धरायच्या मशीननं २३ टक्के सांगितले. सहा टक्के फॅट दोन मिनिटात कुठं गेलं विचारलं तर म्हणे, "सर, आपण जास्तवालं धरू."

तेवढ्यात रांगेतले एक धोतरवाले मामा पुढं आले. उभा जन्म जनावरांच्या दलालीत गेलेला. न विचारता दंड धरला, पुढून, मग मागून, मग पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा, मग कमरेवर. "आरं, बैल असतास तर माळेगावच्या जत्रंत दावणीला थांबलो नसतो मी." लोक हसायले. "दात दाव."

"मामा, दात कशाला?"

"हे डबडं ४१ म्हनायलंय ना? बघू की जुळलाय का आजून, समदे दात आलेत का."

दाखवले. खरंच दाखवले, काय करणार. मामा लांबवर वाकून बघून म्हणाले, "अक्कलदाढ यायचीय आजून. ४१ म्हनं!"

गंमत म्हणजे मामांच्या चारही जागा शास्त्रात आहेत. १९७४ साली डर्निन आन् वोमर्सली ह्यांनी ह्याच चार चिमट्यांवरून फॅट काढायचं गणित मांडलं, त्यांच्याकडं फक्त कॅलिपर, म्हणजे चिमट्याची जाडी मोजायचं हत्यार, होता. आन् ते पायाखालचं मशीन काय करतं, तर एका पायातून बारीक करंट सोडून दुसऱ्यातून काढतं, पाण्यातून करंट सहज जातो, चरबी अडवते, पोटाकडं तर तो धड फिरकतही नाही, वरचा सगळा हिशोब फॉर्म्युल्याचा. अंगात पाणी कमी असलं की फॅट जास्त दिसतं. मी सकाळपासून घोटभर पाणी प्यालो नव्हतो, कुणी विचारलं? ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या गावात निदान एवढं तरी विचारावं ना.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, माझा २२, एकदम नॉर्मल. पण त्याचंही काही खरं नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आन् लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनी २००४ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले, दोघांचा बीएमआय २२.३, फॅट मात्र युडकिनांचं ९.१ टक्के आन् आपल्या याज्ञिकांचं २१.२. ते डेक्सावर मोजलेलं, म्हणजे दोन प्रकारच्या एक्स-रेवर. तेव्हा मीही वरून काटकुळा आन् आतून तुपट असेन, नाही म्हणत नाही. पण मग नीट मोजा, चारचौघात बोंबलू नका.

डेक्सा कुठं करून मिळतं विचारलं तर ट्रेनर म्हणे, "सर, ते हाडाचं असतंय, तुम्ही आधी पॅकेज घ्या." फॉर्मवर नंबर घेतलाय. आता ऐन जेवायच्या टायमाला फोन येतो, "सर, फॅटचं काय ठरलं?"