पाण्याला काय म्हणतोस?

मागच्या आठवड्यात माझ्या मावशीने बाथरूमची लादी बसवणाऱ्या मिस्त्रीला अर्ध्या कामावरून घालवून दिलं. का म्हणून विचारलं, तर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'घुसखोर ओळखण्याच्या खुणा. प्रत्येक देशभक्ताने पुढे पाठवा.' हाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवरही. मी तो दोन्ही वेळा न वाचता पुसून टाकला होता. आता बसून वाचला, कारण मावशी म्हणाली, "सगळंच खोटं कसं असेल रे?"

सगळं खोटं नाहीच. जे खरं आहे तेही सांगतो. पण आधी पहिली खूण, कारण मिस्त्रीची रोजी तिच्यापायी गेली.

'कामगाराला पाणी द्या आणि विचारा, याला काय म्हणतोस? "जोल" म्हणाला तर आपला बंगाली. "पानी" म्हणाला तर बांगलादेशी.'

मावशीने हे खरोखर केलं. स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं आणि विचारलं. तो म्हणाला, "पानी." झालं, परीक्षा संपली. अगं, तो तुझ्याशी हिंदीत बोलत होता! हिंदीत पाण्याला दुसरं काय म्हणणार? आणि दिवसातून पन्नास वेळा 'पाणी' म्हणणाऱ्या तुला आम्ही कुठे पाठवायचं?

बरं, तो बंगालीत 'पानी' म्हणाला असता, तरी काय सिद्ध झालं असतं? मिस्त्री मालद्याचा, मुसलमान. पश्चिम बंगालमधले मुसलमान पिढ्यान् पिढ्या घरात 'पानी' म्हणत आलेत. तिकडे बांगलादेशातले हिंदू 'जोल' म्हणतात. म्हणजे ही परीक्षा माणसाचा देश सांगतच नाही, सांगते ती धर्म. काल रात्री सीमा ओलांडून आलेला खुलन्याचा हिंदू तिच्यात पहिल्या वर्गात पास होईल आणि मुर्शिदाबादेत सात पिढ्या शेती करणारा नापास. हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, असं मला अजिबात वाटत नाही.

दुसरं म्हणजे ती सीमा बोली बघून आखलेलीच नाही. फाळणीची सीमा आखायला नेमलेले रॅडक्लिफसाहेब जुलै १९४७ मध्ये पहिल्यांदा भारतात आले आणि पाच आठवड्यांत रेघ मारून मोकळे झाले. मुर्शिदाबादेत मुसलमान जास्त, तरी जिल्हा भारतात. खुलन्यात हिंदू थोडे जास्त, तो गेला पाकिस्तानात. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर होईपर्यंत मुर्शिदाबादेत पाकिस्तानचं निशाण फडकत होतं. अशा रेघेच्या दोन बाजूंना दोन भाषा कुठून सापडणार? कूचबिहारची बोली पलीकडे रंगपुरात चालते, सिल्हेटची बोली आसामच्या बराक खोऱ्यात. २०११ च्या जनगणनेत बंगाली मातृभाषा सांगणारे भारतीय ९ कोटी ७२ लाख होते, मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख. आपल्याहून मोठा भाषकसमूह आहे तो. तरी २०२५ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात 'बांगलादेशी भाषा' असा शब्द लिहिला गेला. बेळगाव-निपाणीत मराठी बोलणाऱ्याला कुणी 'तू इथला नाहीस' म्हटलं, की आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. इथे मात्र आपण पेला पुढे करतो.

आकड्यांचा मुद्दा फार ताणत नाही. मेसेज म्हणतो, 'देशात ५ कोटी घुसखोर.' जुलै २००४ मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत १ कोटी २० लाख सांगितले आणि थोड्याच दिवसांत, ती माहिती ऐकीव होती, म्हणून हात झटकले. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी त्याच सभागृहात २ कोटी सांगितले. आसामात मात्र खरोखर घरोघरची कागदपत्रं तपासली गेली. नागरिकांच्या नोंदणीची (एनआरसी) ऑगस्ट २०१९ ची ती अंतिम यादी. अर्ज सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांचे, यादीबाहेर राहिले १९ लाख ६ हजार ६५७. त्यातही हिंदू बरेच निघाले, म्हणून ज्यांनी यादी मागितली होती तेच तिच्यावर नाराज झाले. ५ कोटी कुणी मोजले, कधी, कुठे? मेसेजमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

'सीमा सताड उघडी आहे.' नाही. ४,०९६ किलोमीटरपैकी सुमारे ३,२३२ किलोमीटरवर कुंपण झालंय, असं सरकारनेच २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. उरलेल्यात नद्या आहेत, दलदल आहे, जमीन संपादनाची भांडणं आहेत. नदीच्या पात्रात खांब कसा पुरायचा, ते मेसेज लिहिणाऱ्याने जाऊन दाखवावं. 'कायदाच नाही' हेही तसंच. १९४६ पासून परकीय नागरिकांचा कायदा होता, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा लागू झालाय. पासपोर्ट-व्हिसाशिवाय शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. मी परका नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्या माणसावरच.

आता मावशीचं 'सगळंच खोटं कसं असेल'. 'घुसखोरांकडेही आधार कार्ड असतं' हा मेसेजमधला मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. बेकायदा येणारे आहेत, मुंबई-ठाण्यातही आहेत. दलाल आहेत, खोटे दाखले करून देणारे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या अशाच एका आरोपीचा जामीन नाकारताना सांगितलं, की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हाती आहे एवढ्याने कुणी नागरिक ठरत नाही. बरोबरच आहे. आधारच्या कायद्यातच ते लिहिलंय. पण मग आधार तुझंही पुरेसं नाही, मावशी, आणि माझंही नाही. तुझा जन्मदाखला कुठाय? तुझा जन्म आजोळी, घरीच, सुईणीच्या हातचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिली, ती आजतागायत तुझी जन्मतारीख.

आणि मेसेजचा शेवट, जो वाचून मला खरा संताप आला: 'पकडा आणि थेट सीमेपलीकडे ढकला. कोर्टकचेरी कशाला?'

कशाला, ते सांगतो. बीरभूम जिल्ह्यातली एक गरोदर बाई नवरा आणि लहान मुलासह दिल्लीत राहायची. जून २०२५ मध्ये पोलिसांनी या कुटुंबाला उचललं आणि काही दिवसांत सीमेपलीकडे पाठवलं. तिकडच्या पोलिसांनी घुसखोर म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. म्हणजे इकडेही घुसखोर, तिकडेही घुसखोर. बाईच्या वडिलांनी कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारी बाजूचं म्हणणं असं होतं, की तिने १९९८ मध्ये बेकायदा भारतात आल्याचं कबूल केलंय. न्यायालयाने कागद पाहिले. बाईचा जन्म २००० चा. जन्माच्या दोन वर्षं आधी ती सीमा ओलांडून आली होती! केंद्रीय गृहखात्याची मे २०२५ ची सूचना अशी, की संशयिताच्या मूळ राज्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्यावी. तेवढाही दम कुणाला निघाला नव्हता. २६ सप्टेंबरला न्यायालयाने हकालपट्टी रद्द केली आणि चार आठवड्यांत परत आणा म्हणून सांगितलं. केंद्र सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी माणुसकीच्या नात्याने म्हणून ५ डिसेंबरला ती आणि मुलगा मालद्याच्या सीमेवरून परत आले. गरोदरपणातले पाच महिने तिकडे गेले.

ही दिल्लीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. त्याच जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेले मुर्शिदाबाद आणि बर्धमानचे मजूरही असेच पलीकडे ढकलले गेले होते. ते भारतीय असल्याचं कळल्यावर दोन्हीकडच्या सीमा दलांनी बोलणी करून त्यांना परत आणलं. कोर्टकचेरीला वेळ लागतो, मान्य. पण माणूस पलीकडे गेल्यावर कागद तपासायचे, ही कुठली घाई?

'आपल्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या' यावर एकच विचारतो. लादी बसवायला कुणाचा पोरगा येणार होता? मावशीने चार ठिकाणी विचारून या मिस्त्रीला बोलावलं होतं, कारण तो चौरस फुटाला दहा रुपये कमी घेत होता. तेव्हा कुणी त्याला पाण्याचं बंगाली विचारलं नाही.

बाथरूम अजून तसंच आहे. एका भिंतीला लादी, तीन भिंतींना नुसता गिलावा. काल मावशीने फोन करून विचारलं, दुसरा मिस्त्री बघशील का? बघतो म्हणालो. पण पहिल्याची तीन दिवसांची मजुरी द्यायची राहिली आहे. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, पैसे मोबाइलवरूनच जातील. त्यालाही कागद लागत नाही.