साखरेशिवाय ही बंडी हालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया तिखट आहे, पण विचारलेलं खरं आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओआरएस म्हणजे पुडीत भरून विकलेलं साखर-मिठाचं पाणी. वडिलांना शुगर असल्यामुळे संडास लागली तेव्हा तुम्ही साखर वगळून नुसतं मीठ-पाणी पाजलं, त्यात काय बिघडलं? आणि मागच्या लेखात सहवाहक प्रथिनांचं, म्हणजे दोन-तीन पदार्थ एकत्रच पेशीत नेणाऱ्या प्रथिनांचं, पुराण लावून मी साधी गोष्ट अवघड केली. पुराण लांबलं, हे कबूल. बाकीचं नाही.

लहान आतड्याच्या आतल्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन असतं. त्याला बंडी, म्हणजे बैलगाडी, समजा. मिठातल्या सोडियमचे दोन आयन (विजेचा भार असलेले कण) ही बैलजोडी, ग्लुकोजचा एक रेणू हा माल. आतड्यातल्या पाण्यात सोडियम भरपूर, पेशीच्या आत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे जोडीला आत जायला उतारच आहे. जोडी जुंपली, माल चढला की प्रथिन आकार बदलतं, बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं आणि तिघंही पेशीत. उपमा इथं एका जागी मोडते: खरे बैल रिकामी बंडी घेऊन घरी येतात, ही जोडी मालाशिवाय जवळपास हालतच नाही. उतारही फुकट टिकत नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप दर फेरीला 3 सोडियम बाहेर फेकतो, 2 पोटॅशियम आत घेतो, आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो. मीठ आणि साखर पलीकडे गेली की पाणी त्यांच्या मागोमाग जातं.

मीठ शोषायचे दुसरे रस्ते नाहीत का? आहेत. पण कॉलऱ्याचं विष नेमके तेच आवळतं, आणि वर क्लोराइडचं फाटक सताड उघडं टाकतं, त्याच्यामागे पाणी बाहेर वाहतं. एसजीएलटी-1 ला मात्र त्याचा हात लागत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून माणसं वाचवली, ती या एका वाटेच्या भरवशावर. लक्षात घ्या, ओआरएसनं संडास थांबत नाही, गेलेलं पाणी भरून निघतं. दोन गिलास पाजून "फरक नाही" म्हणत सोडून देतात, तिथंच रोगी कोरडा पडतो.

पुडीवर तुमचा राग आहे, तर पुडीतलं बघा. लिटरच्या पुडीत मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सोडियम सायट्रेट 2.9, एकूण 20.5 ग्रॅम. दुकानात 200 मिलीची छोटी पुडीही मिळते, आणि घोळ इथंच होतो. लिटरची पुडी एका गिलासात कालवली तर पाणी पाचपट खारट होतं: सोडियम लिटरला 75 ऐवजी 375 मिलिमोल, रक्तातल्याच्या अडीचपटीहून जास्त. लेकराला असं पाजणं धोक्याचं. गडव्याच्या अंदाजानं मोजू नका, लिटरची बाटली घ्या. "साखर लागते तर जास्त घालू" हेही नको. बंड्या मोजक्याच असतात. उरलेली साखर आतड्यात पडून राहते आणि उलट पाणी ओढते. कोल्ड्रिंकमध्ये लिटरला साधारण 100 ग्रॅम साखर आणि मीठ नावालाच, म्हणून ते जुलाबात नको.

पुडी नसेल तर घरी करूच नका, असं मी मागं लिहिलं होतं, ते मागे घेतो. औषधासोबत येतो तो 5 मिलीचा चमचा घ्या, बोटानं सपाट करा: लिटरभर पाण्यात साखर 6 चमचे, मीठ अर्धा. यात पोटॅशियम नाही, ही उणीव राहतेच. भंडारा-गोंदियाकडची मीठ घातलेली भाताची पेजही चालते. पिठूळ भागाचं ग्लुकोज आतड्यातच हळूहळू सुटतं.

तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, लिटरला मिलिग्रॅममध्ये) 2000 असेल तर लिटरमागे 2 ग्रॅम क्षार आधीच विरघळलेले आहेत, त्यावर पुडीचं मीठ. ओआरएस आरओच्या कॅनच्या पाण्यातच करा.

आता वडील. 200 मिली ओआरएसमध्ये ग्लुकोज 2.7 ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेपेक्षाही कमी. दोन चमचे साखरेचा चहा त्याच्या जवळपास तिप्पट. दर संडासनंतर एक-दोन गिलास, घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. मशीनवर शुगर बघत राहा, पण ओआरएस बंद करू नका.

खरी काळजी त्यांच्या डॅपाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीची. ती मूत्रपिंडातल्या एसजीएलटी-2 ला, म्हणजे याच बंडीच्या भावाला अडवते, त्यामुळे साखर लघवीतून जाते आणि पाणीही सोबत नेते. आतड्यातली बंडी चालूच राहते, म्हणून ओआरएसला अडचण नाही. पण जुलाब, उलट्या, उपास असताना ही गोळी घेत राहिलं तर रक्तात कीटोन आम्ल साठू शकतं, आणि शुगर 250 च्या खाली दिसत असतानाही. पोट दुखणं, उलट्या, धापा टाकल्यासारखा श्वास ही त्याची खूण. तेव्हा मशीनवर विसंबू नका, दवाखाना गाठा. अशा दिवसांत गोळी थांबवायची असते. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, आणि मेटफॉर्मिन (शुगरचीच दुसरी गोळी) किंवा लॅसिक्स (लघवी वाढवणारी गोळी) चालू असेल तर तेही सांगा. लॅसिक्स मूत्रपिंडातला तिसराच सहवाहक अडवते, सोडियम, पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकत्र ओढणारा. गोळी पुन्हा सुरू करायची ती खाणंपिणं पूर्ववत होऊन दिवस-दोन दिवस गेल्यावर, डॉक्टरांना विचारून.